हिरड्यांतून रक्त : त्रिफळ्याच्या गुळण्या की क्लोरहेक्सिडीन?

नाशिकरोडची लेक
नमस्कार. बाबा नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेत. शुगर आहे, बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे. ब्रश करताना बेसिनमध्ये लाल थुंकी दिसायला लागली म्हणून डेंटिस्टकडे नेलं. त्यांनी स्केलिंग केलं, म्हणजे दातांवरचा कडक थर खरवडून काढला, आणि दोन आठवड्यांसाठी क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश लिहून दिलं. रक्त थांबलं. बाबांना इतकं बरं वाटलं की एक बाटली संपली की दुसरी, असंच चाललंय. आता खालच्या पुढच्या दातांना आतून तपकिरी थर बसलाय आणि सकाळचा आल्याचा चहाही त्यांना बेचव लागतो. म्हणतात, "हे केमिकल नको, त्रिफळा दे." शेजारच्या काकू लवंग-तुळशीचं हर्बल माउथवॉश सुचवतात. त्याने भागेल का? चहाची चव गेली म्हणून ते खरंच हिरमुसलेत हो.

पंचवटीची मावशी
अगं, मी त्रिफळाच वापरते. चमचाभर चूर्ण पेलाभर पाण्यात टाकून पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं, दुपदरी फडक्याने गाळायचं आणि कोमट असताना गुळण्या करायच्या. रोज ताजा काढा हवा, कालचा नको. तोंड स्वच्छ वाटतं, चवही जात नाही. फक्त लवंगेचं तेल नुसतं हिरडीला लावू देऊ नकोस, कातडी भाजते.

दातांची डॉक्टर, गंगापूर रोड
ताई, डाग आणि गेलेली चव हे दोन्ही क्लोरहेक्सिडीनचे ओळखीचे दुष्परिणाम आहेत. दोन आठवड्यांसाठी दिलेलं औषध बाबांनी लांबवलं, त्याचा हा परिणाम. डाग वरवरचे असतात, पॉलिशिंगने निघतात. बंद केल्यावर चवही परत येते.

औषध मात्र वाईट नाही. ते दातांना आणि तोंडातल्या त्वचेला चिकटून राहतं आणि तासन्‌तास जंतूंना वाढू देत नाही. गुळणी थुंकल्यावर इतका वेळ टिकणारं दुसरं फारसं काही आमच्या हाताशी नाही. म्हणून स्केलिंगनंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर, ब्रश नीट फिरवता येत नाही तेवढ्या दिवसांसाठी आम्ही ते देतो. चहाने डाग वाढतात, त्यामुळे गुळणीनंतर लगेच चहा नको.

त्रिफळा, कडुनिंब, तुळस यांच्यावरही अभ्यास झालेत. दातांवरचा चिकट थर आणि हिरड्यांची सूज कमी झाल्याचं त्यांत दिसलंय, काहींत तर क्लोरहेक्सिडीनच्या तोडीचं. पण बरेचसे अभ्यास मोजक्या लोकांवर आणि थोड्या दिवसांचे आहेत. शिवाय प्रत्येक बाटलीतला अर्क वेगळा. सौम्य हिरडीदाहात ब्रशच्या जोडीला वापरायला माझी हरकत नाही. काढा मात्र बिनसाखरेचा हवा.

आणि ‘केमिकल विरुद्ध झाडपाला’ ही विभागणी मला पटत नाही. लिस्टरीन माउथवॉशच्या मूळ प्रकारातलं थायमॉल आपल्या ओव्यातही असतं आणि युकॅलिप्टॉल निलगिरीत. तोंडात किती जातं आणि किती वेळ टिकतं, ते बघा.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्यात पूर्ववत झाल्या, तेही माउथवॉशशिवाय. खरं काम ब्रशचं आहे. हिरडी दातापासून सुटून खोल फट पडली असेल, तर तिच्या तळाशी कोणतीच गुळणी पोहोचत नाही.

बाबांच्या बाबतीत मला शुगरची जास्त काळजी वाटते. ती वाढलेली असली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांचा संसर्ग शुगरला आटोक्यात येऊ देत नाही. अ‍ॅम्लोडिपिननेही काहींच्या हिरड्या फुगतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण दातांच्या आणि बीपीच्या, दोन्ही डॉक्टरांना सांगा.

नाशिकरोडची लेक
खूप आभार, डॉक्टर. पुढच्या भेटीत फटींची खोली मोजून घेते. अजून एक विचारू का? बाबा पूर्वी मशेरी लावायचे, तेव्हा कधी रक्त आलं नव्हतं. ते अजून म्हणतात, मशेरीने दात धड होते.

दातांची डॉक्टर, गंगापूर रोड
मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तंबाखूने रोग झाकला जातो, रक्त कमी येतं आणि आतलं हाड झिजत राहतं. म्हणून रक्त नव्हतं हा पुरावा धरू नका. मशेरी पुन्हा सुरू होणार नाही एवढं मात्र बघा, ताई. आणि गालाच्या आत पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम आहे का, हेही त्याच भेटीत तपासून घ्या.

मेडिकलवाला, सिडको
एक राहिलं. कधी पुन्हा क्लोरहेक्सिडीन लिहून दिलं, तर पेस्टने घासल्यावर लगेच गुळणी नको, निदान अर्धा तास जाऊ द्या. पेस्टच्या फेसामुळे औषधाचा जोर कमी होतो. बरेच जण घासलं की लगेच गुळणी करून मोकळे होतात, म्हणून बाटली देताना मी आवर्जून सांगतो.