लॅपेटच्या कड्या बदलायच्यात: सिरॅमिकची सुधारित कडी घ्यावी की क्रोमचीच? सल्ला हवा

चातीवाला

नमस्कार मंडळी. मी रिंग फ्रेमच्या (सूत कातणाऱ्या साच्यांच्या) मेंटेनन्सला आहे. काही साच्यांवरच्या लॅपेटच्या कड्या (चातीच्या वर सूत ज्यातून जातं त्या) आता बदलायलाच हव्यात. पिगटेलच्या, म्हणजे सध्याच्या धातूच्या वेटोळ्याच्या, आत नख फिरवलं की चर सरळ हाताला लागतो. सूत 40 काउंट (बारीकपणाचा नंबर) कोम्ब्ड कॉटन, चात्यांचा वेग मिनिटाला 18,000 फेरे, रिंग 38 मिमी. दोन साचे पॉलिएस्टर-कॉटनवर आहेत.

लॅबवाल्यांचं म्हणणं, हेअरीनेसची (सुताच्या केसाळपणाची) सरासरी ठीक आहे पण एका चातीपासून दुसऱ्या चातीत फरक फार. शिवाय डॉफ झाल्यावर (भरलेली बॉबिन काढून रिकामी लावल्यावर) कॉप, म्हणजे बॉबिनवरचा सुताचा गुंडा, भरायला लागतो त्या पहिल्या टप्प्यात तारा (सुताचे धागे) जास्त तुटतात.

विक्रेत्याने 'सुधारित' कडी दाखवली. धातूच्या तारेचं वेटोळं नाही. लॅपेटच्या पट्टीत बसवलेलं सिरॅमिकचं जवळपास पूर्ण वर्तुळ आणि तार आत घ्यायला समोर तिरकी बारीक फट. हेअरीनेस कमी, तुटणं कमी, आयुष्य कितीतरी जास्त, असं त्याचं म्हणणं. आरशासारखी गुळगुळीत आणि मॅट असे दोन प्रकार आहेत. कोणाकडे चालू आहे का? सगळीकडे बसवावी का? आणि लगे हाथ एबीसी रिंगही (फिरत्या सुताचा फुगा, म्हणजे बलून, आवरणारी) बदलून टाकावी का?

जुना जॉबर

कडी नंतर. आधी सेंटरिंग बघा.

चातीगणिक हेअरीनेस बदलतोय म्हणजे कडीच्या धातूपेक्षा ती बसलीय कुठे याचा संशय आधी घ्यायचा. लॅपेट चातीच्या मध्यावर नसेल तर बलून एका अंगाला फुगतो, प्रत्येक फेऱ्यात ताण कमी-जास्त होतो, ट्रॅव्हलर (रिंगवर धावणारा बारीक तुकडा, ज्यातून सूत जातं) थडथडतो आणि तार एका बाजूला एबीसी रिंगवर नाहीतर सेपरेटरवर (दोन चात्यांमधल्या पडद्यावर) घासते. अशा चातीवर सोन्याची कडी लावली तरी कॉप केसाळच येणार.

क्रम चुकवू नका. पहिल्यांदा चात रिंगच्या मध्यावर, मग लॅपेट चातीच्या मध्यावर, मग एबीसी रिंग. बॉबिन काढा, कडीत टोकदार गेज सोडा, टोक चातीच्या माथ्यावर मधोमध येतंय का बघा. नुसत्या डोळ्याने अंदाज घेणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, माझ्या स्वतःच्या डोळ्यावरही नाही. लॅपेटची पट्टी हाताने हलवून पाहा. बिजागरीच्या पिनेत खेळ असेल तर आज केलेलं सेंटरिंग साफसफाई करणारा उद्या पट्टी उचलेल तेव्हाच जाईल.

लॅबमधली

जुना जॉबर काका म्हणतात ते शंभर टक्के. आता कडीबद्दल.

पीळ तयार होतो ट्रॅव्हलरच्या फिरण्याने, म्हणजे खाली. तो वर चढत कडीतून पार होऊन पुढच्या रोलरच्या निपपर्यंत (रोलर तार दाबून धरतात त्या जागेपर्यंत) पोचला पाहिजे. कडीवर घर्षण जास्त असलं की पीळ तिथे अडतो. कडी ते निप या टप्प्यात पीळ आधीच सगळ्यात कमी, तार सगळ्यात कच्ची, आणि तुटतेही बहुतेक तिथेच. म्हणून कडीचा पृष्ठभाग महत्त्वाचा. त्याच्या टिकाऊपणाइतकंच हेही बघायला हवं, पण जाहिरातीत बोलतात फक्त आयुष्यावर.

ताणाचा हिशेब साधा आहे. गोल पृष्ठभागावरून तार वळली की दोन बाजूंच्या ताणाचं गुणोत्तर घर्षणगुणांक आणि वळणाचा कोन यांच्या गुणाकारावर घातांकाने ठरतं. वळण 30 अंशांचं धरा. घर्षणगुणांक 0.3 असेल तर कडीच्या खालचा ताण वरच्यापेक्षा साधारण 17 टक्के जास्त, 0.2 असेल तर 11 टक्के. फरक आहे, चमत्कार नाही. आणि एक गंमत: घर्षण कमी झालं की पीळ वर जास्त चढतो, पण बलूनचा ताणही वर जास्त पोचतो. तार थोडी मजबूत होते आणि तिच्यावर ओढही थोडी वाढते. त्यामुळे कडी बदलल्यावर ट्रॅव्हलरचा नंबर पुन्हा तपासावा, तोच ठेवून निकाल लावू नये.

कोन कमी करणं तुमच्या हातात आहे आणि फुकट आहे. लॅपेट चातीच्या टोकापासून किती उंच ठेवलीय ते सगळ्या साच्यावर सारखं आहे का, मोजून बघा.

फायबरवाला

आरसा की मॅट, याचं उत्तर तंतूवर आहे. लोकांना वाटतं जितकं गुळगुळीत तितकं घर्षण कमी. सिंथेटिकच्या बाबतीत उलटं घडतं. आरशासारख्या पृष्ठभागावर तार पूर्ण टेकते, स्पर्शाचं क्षेत्र वाढतं आणि ती चिकटून ओढली जाते. मॅट क्रोम किंवा मॅट सिरॅमिकवर ती बारीक उंचवट्यांच्या माथ्यावरूनच सरकते. फक्त ते माथे गोलाई घेतलेले हवेत. टोकदार राहिले तर ती किसणी झाली.

कॉटनवर इतकं टोकाचं नाही. कापसाचं स्वतःचं मेण थोडं वंगण देतं. तिथे बारीक, एकसारखं पॉलिश चालतं. खरबरीत घेतलं तर बाहेर आलेले तंतू उचकटून हेअरीनेस वाढेल.

पॉलिएस्टर-कॉटनच्या साच्यांना सिरॅमिक आधी लावा. पॉलिएस्टर डल किंवा सेमी-डल असेल तर चमक मारायला त्यात टायटॅनियम डायऑक्साइडचे कण असतात आणि ते धातूला हळूहळू घासत नेतात. क्रोमचा थर एकदा फाटला की खालचं पोलाद फार टिकत नाही. ॲल्युमिना सिरॅमिकची कठीणता मोसच्या मापावर 9 च्या आसपास, म्हणून तिथे त्याचा पैसा वसूल होतो. स्थिर विजेचा त्रास असेल तर साधं ॲल्युमिना वीज वाहून नेत नाही हे लक्षात ठेवा. त्यासाठी गडद रंगाचं, वीज वाहणारं टायटॅनियाचं सिरॅमिक मिळतं, विक्रेत्याला विचारा.

साइडर

सगळे साहेब लोक घर्षणावर बोलताय, तार जोडणाऱ्याचं कोणी ऐकणार का?

तार तुटली की आम्ही गुडघ्याने ब्रेक दाबून चात थांबवतो, कॉपवरचं टोक शोधतो, ट्रॅव्हलरमधून घेतो, एबीसी रिंगच्या फटीतून आत, मग लॅपेटमध्ये, मग वर रोलरला लावून सोडतो. यात लॅपेटचा भाग बोटाच्या एका झटक्यात होतो, कारण पिगटेल उघडं आहे. बंद कडीची तिरकी फट बारीक असेल तर तार दोनदा-तीनदा फिरवावी लागते. एका चातीला काही नाही, पण डॉफनंतर एकदम तारा जातात तेव्हा कळतं. तेवढा वेळ त्या चातीचं रोव्हिंग (कातायची जाड वात) न्यूमाफिलमध्ये (हवेने ओढून घेणाऱ्या नळीत), म्हणजे वेस्टमध्येच.

दुसरं, फटीत रुई बसते. पिगटेलवर बसलेली रुई डोळ्याला दिसते आणि निघतेही. फटीत दाबून बसलेली दिसत नाही. मग ती एकदम सुटून तारेत जाते आणि जाड गाठ येते.

एकच कडी हातात घेऊन ठरवू नका, साहेब. एका साच्याच्या एका बाजूला लावा आणि आम्हाला चालवायला द्या.

लॅबमधली

@साइडर, हा मुद्दा कुठल्याच कॅटलॉगमध्ये सापडत नाही. फटीची कड गोलाई केलेली आहे का तेही बघायला हवं. जाता-जाता तार त्या कडेला लागली तर बाकी कडी कितीही चांगली असो.

फिटर क्र. 2

फटीची दिशाही बघा. बलून ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने तार फटीत शिरता कामा नये. झेड पिळाला योग्य असलेली फट एस पिळाला, म्हणजे उलट दिशेच्या पिळाला, तार बाहेर फेकू शकते. पिगटेलच्या वेटोळ्यालाही हाच नियम. तुमच्याकडे दोन्ही पीळ चालत असतील तर ऑर्डर देताना स्पष्ट सांगा.

सिरॅमिकचा खरा शत्रू झीज नाही, टवका. डॉफिंगच्या वेळी, साफसफाईच्या वेळी पट्टी आपटते आणि कडेचा कपचा उडतो. तो टवका क्रोमच्या चरापेक्षा वाईट, कारण चर पडायला वेळ लागतो आणि तो हळूहळू लॅबमध्ये दिसतो. टवका मात्र सकाळी नव्हता, संध्याकाळी आहे. तपासायला भिंग लागत नाही. कापसाचा सैल बोळा कडीच्या आतून फिरवा, तंतू अडकला की समजा कड गेली. कडी पट्टीत चिकटवलेली आहे की दाबून बसवलेली, हेही विचारा. चिकटवलेली सुटते.

बलूनप्रेमी

तारा कॉपच्या सुरुवातीला तुटतात या मुद्द्याकडे कोणी वळलंच नाही.

कॉप भरायला लागतो तेव्हा रिंग रेल (रिंगांची वर-खाली होणारी पट्टी) खाली असतो, म्हणजे बलून सगळ्यात उंच आणि फुगीर, त्यात कॉपचा व्यासही लहान. ताण तिथे सर्वात जास्त. तुमच्या आकड्यांवर ट्रॅव्हलरचा वेग काढा: 38 मिमी रिंग, 18,000 फेरे, सेकंदाला जवळपास 36 मीटर. या वेगात ट्रॅव्हलर 300 अंश सेल्सिअसच्या वर तापतो. लॅपेटच्या कडीने हा प्रश्न सुटणार नाही. इथे काम एबीसी रिंगचं आहे. ती बलूनला मध्ये कंबर पाडून त्याचे दोन भाग करते, म्हणून बलून न कोसळता हलका ट्रॅव्हलर चालवता येतो. पण तिच्यावरही तार घासतेच, आणि सिंथेटिकमध्ये जास्त दाबाने घासली तर तंतू वितळण्यापर्यंत जातं. तेव्हा एबीसी रिंगची उंची, मध्य आणि आतली कड आधी तपासा. झिजलेली नसेल तर बदलायचं कारण नाही.

स्ट्रोबोस्कोप (ठराविक वेगाने लुकलुकणारा दिवा) असेल तर लावून बघा, फार शिकायला मिळतं. चातीच्या वेगावर जुळवलात तर चात थांबलेली दिसेल आणि बलून संथपणे मागे सरकताना दिसेल. ट्रॅव्हलर चातीपेक्षा थोडा मागे राहतो म्हणूनच तर सूत गुंडाळलं जातं. 40 काउंटच्या नेहमीच्या पिळाला हा फरक कॉपच्या व्यासाप्रमाणे मिनिटाला साधारण 150 ते 300 फेऱ्यांचा. मागे सरकताना बलूनची रेघ सगळीकडे सारखी आहे की एका बाजूला हिसका देते, ते बघा. हिसका दिसला की परत जुना जॉबर यांच्याकडे जा.

(अवांतर: जॉन थॉर्पचं रिंगचं पेटंट 1828 चं, ॲडिसन आणि स्टीव्हन्सचा ट्रॅव्हलर 1829 चा. इतक्या वर्षांत ड्राफ्टिंगवर ढीगभर डोकं चाललं, आणि सूत अजूनही बहुतेक ठिकाणी वळवलेल्या तारेच्या तुकड्यातून जातंय.)

चातीवाला

सगळ्यांचे आभार. एका साच्यावर गेज लावून पाहिला. बऱ्याच लॅपेट मध्यावर नाहीत, आणि बिजागरीत खेळ आहे तो वेगळाच. आधी तेवढं उरकतो. एबीसी रिंगच्या कडा ठीक वाटल्या, त्या तशाच ठेवतोय. कॉटनच्या साच्यांना क्रोमच्याच नव्या कड्या आणि सिरॅमिकची चाचणी पॉलिएस्टर-कॉटनवर, असा विचार आहे. चाचणी कशी घ्यावी म्हणजे विक्रेत्यालाही वाद घालता येणार नाही?

लॅबमधली

एकाच साच्यावर घ्या, दोन साच्यांची तुलना नको. शेजारच्या चात्यांवर आलटून-पालटून एक जुनी, एक नवी. 'जुनी' म्हणजे झिजलेली नव्हे, नवीकोरी क्रोमची. नाहीतर नव्या आणि जुन्यातला फरक तुम्ही सिरॅमिकच्या नावावर लिहाल. विक्रेते नेमकं हेच करून दाखवतात. ट्रॅव्हलर त्याच नंबरचे, त्याच दिवशी बदललेले. मग काही काळाने कड्यांची अदलाबदल करा. फरक कडीबरोबर सरकला तर तो कडीचा, चातीपाशीच राहिला तर चातीचा.

हेअरीनेससाठी कॉपच्या खालचं, मधलं आणि वरचं सूत वेगवेगळं तपासा, एकत्र सरासरी काढू नका. तुटण्याची नोंद दर 1000 चाती-तासांमागे ठेवा आणि कॉपच्या कुठल्या टप्प्यावर तुटली तेही लिहा. त्या काळात खात्यातली आर्द्रता बदलली तर तेवढी नोंद बाजूला काढा. आणि तार जोडायला लागणारा वेळ मोजा, म्हणजे साइडर भाऊंचं म्हणणंही कागदावर येईल.

साइडर

आलं तर बरंच होईल.

जुना जॉबर

चाचणीच्या चात्यांवर रंगाचा ठिपका मारा, पण लॅपेटवर नको, चातीच्या रेलवर मारा. लॅपेट काढून इकडची तिकडे लागली की ठिपकाही तिच्याबरोबर जातो.