तीन प्रॉक्समॉक्स नोड आणि एकच आयस्कझी लन, शेअर्ड एलव्हीएम कसं लावायचं?

महापे_सर्व्हररूम:
नमस्कार मंडळी, महापे एमआयडीसीत एका कंपनीचे सर्व्हर मी बघते. तीन नोडचा, म्हणजे तीन सर्व्हरचा, प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) क्लस्टर आहे पण सगळ्या व्हीएम लोकल डिस्कवर, त्यामुळे एका नोडमध्ये रॅम टाकायची म्हटलं तरी रात्री थांबून व्हीएम बंद कराव्या लागतात. आता दोन कंट्रोलरवाला स्टोरेज बॉक्स आलाय, त्यावर ४ टीबीचा लन (बॉक्सने आयस्कझीने, म्हणजे नेटवर्कवरून, दिलेली डिस्क) काढून तिन्ही नोडला दिलाय. प्रत्येक नोडवर तो एसडीबी आणि एसडीसी अशा दोन डिस्कच्या नावांनी दोनदा दिसतो, हे बरोबर आहे का? बॉक्स बसवायला आलेला इंजिनियर म्हणाला की वर एलव्हीएम (लिनक्समध्ये डिस्कची जागा वाटायची पद्धत) थिन, म्हणजे लागेल तेवढीच जागा घेणारा प्रकार, टाका, जागा वाचेल, स्नॅपशॉटही (डिस्कची त्या क्षणाची स्थिती, जिच्यावर परत जाता येतं) मिळतील. अजून काहीच बनवलेलं नाही, आधी विचारावं म्हटलं.

वागळे_इस्टेट_रूट:
ताई, थिन अजिबात नको! थिन पूलमध्ये व्हीएमने नवीन ब्लॉक लिहिला की पूलचा मेटाडेटा (कुठला ब्लॉक कुठे आहे याची नोंद) बदलतो, म्हणजे दिवसभर बदलतच असतो, आणि तो एका वेळी एकाच नोडने हाताळायचा असतो. सोसायटीच्या दोन गेटवरच्या वॉचमननी एकमेकांना न विचारता एकाच पार्किंगच्या वहीत गाड्या लिहिल्या तर जे होईल तेच इथे तुमच्या डेटाचं होईल. प्रॉक्समॉक्स म्हणूनच थिनला शेअर्ड धरत नाही.
साधा एलव्हीएम घ्या. त्यात मेटाडेटा फक्त डिस्क बनवताना, वाढवताना, उडवताना बदलतो आणि तेवढ्यापुरतं प्रॉक्समॉक्स क्लस्टरभर लॉक लावतो. पण हे लॉक प्रॉक्समॉक्सचं आहे, एलव्हीएमचं नाही, म्हणून टर्मिनलवरून हाताने एलव्हीक्रिएट, एलव्हीरिमूव्ह करत बसू नका, सगळं प्रॉक्समॉक्सकडूनच करून घ्या. पीव्हीक्रिएट (लन एलव्हीएमच्या ताब्यात देणं, त्यालाच पीव्ही म्हणतात) आणि व्हीजीक्रिएट (त्यावर व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे व्हीजी, बनवणं) एकाच नोडवर एकदाच. बाकीच्या दोन नोडवर नुसतं व्हीजीएस मारून ग्रुप दिसतो का बघायचं, मग डेटासेंटरमध्ये स्टोरेज ॲड करताना शेअर्डची टिक. जागा वाचवायचीच असेल तर बॉक्सवरच लन थिन ठेवा.

ऐरोली_नाइटशिफ्ट:
वरच्याशी सहमत, पण पीव्हीक्रिएट मारायच्या आधी मल्टिपाथ (अनेक रस्त्यांनी दिसणारी डिस्क एकच म्हणून वापरणं)! दोनदा दिसतोय कारण दोन रस्ते आहेत, डिस्क एकच आहे. तिन्ही नोडवर मल्टिपाथ टूल्स टाका, लनचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी (ओळख क्रमांक) काढून मल्टिपाथला सांगा आणि पीव्ही मॅपरखाली जे नवीन नाव येईल त्याच्यावर बनवा, एसडीबीवर नाही. नाहीतर एक केबल निघाली की दुसरा रस्ता असून उपयोग नाही. आयस्कझीचा रिप्लेसमेंट टाइमआउट (तुटलेला रस्ता परत येण्याची वाट बघायची वेळ) डिफॉल्ट १२० सेकंद असतो, तो १५ वर आणा, नाहीतर रस्ता तुटल्यावर व्हीएम दोन मिनिटं लटकून राहतील. दोन्ही रस्ते वेगळ्या सबनेटवर ठेवा, बाँडिंग (दोन केबल जोडून एकच रस्ता करणं) नको. जंबो फ्रेम (नेटवर्कची मोठी पॅकेट) ९००० लावणार असाल तर स्विचवरही लावा आणि फ्रॅगमेंट न करता ८९७२ साइजचा पिंग जातोय का बघा.

महापे_सर्व्हररूम:
खूप आभार दोघांचे. स्नॅपशॉटचं काय मग? टॅलीच्या व्हीएमवर अपडेटआधी आम्ही स्नॅपशॉट घेतोच, अकाउंट्सवाल्यांना त्याशिवाय धीर नसतो.

वागळे_इस्टेट_रूट:
प्रॉक्समॉक्स ८ पर्यंत साध्या एलव्हीएमवर स्नॅपशॉट नाहीच. ९ मध्ये, म्हणजे २०२५ ला, व्हॉल्यूम चेनवाले (डिस्कला साखळीसारखी पुढची डिस्क जोडणारे) स्नॅपशॉट आलेत, पण ते टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू, म्हणजे करून बघण्यापुरते, म्हणून, आणि प्रत्येक स्नॅपशॉट डिस्कएवढी पूर्ण जागा खातो. ५०० जीबीच्या डिस्कचे तीन घेतले तर दीड टीबी गेलं. अकाउंट्सचा डेटा मी तरी त्याच्या भरवशावर सोडणार नाही. अपडेटआधी बॅकअप घ्या, चालू व्हीएमचा बॅकअप क्यूएमू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) स्वतः घेतं, त्याला स्टोरेजचा स्नॅपशॉट लागत नाही. किंवा बॉक्स एनएफएस (नेटवर्कवरून शेअर केलेलं फोल्डर) देत असेल तर टॅलीची एकच व्हीएम तिथे क्यूकाऊ२ (व्हीएमच्या डिस्कचा फाइल फॉरमॅट) मध्ये ठेवा, तिथे स्नॅपशॉट चालतात.

ऐरोली_नाइटशिफ्ट:
अजून एक, हे आत्ताच करून टाका. पावसाळ्यात लाइट जाऊन यूपीएस संपला की परत आल्यावर नोड आधी उठतात, बॉक्सचे कंट्रोलर मागून, मग व्हीजीच सापडत नाही आणि ऑटोस्टार्टवाल्या व्हीएम फेल होतात. नोडच्या ऑप्शनमध्ये स्टार्ट ऑन बूट डिले असतो, बॉक्स पूर्ण चालू व्हायला किती वेळ घेतो ते घड्याळ लावून मोजा आणि त्याहून थोडा जास्त आकडा तिन्ही नोडवर टाका.