संघांची वाचन स्पर्धा: पुस्तकं कशी वाटावीत, प्रश्न कसे काढावेत?

सहावीचे ४ संघ, प्रत्येकी ५ मुलं. यादीत १० पुस्तकं, हातात ८ आठवडे. स्पर्धेत प्रश्न ऐकून तो कोणत्या पुस्तकातला हे संघाने ओळखायचं. वाटणी कशी करावी? प्रश्न कसले असावेत?

उत्तर १
एक पुस्तक एकाच मुलाच्या भरवशावर ठेवू नका. ते मूल आजारी पडलं की संघाच्या हातून ते पुस्तक गेलंच. प्रत्येकाला ४ पुस्तकं द्या, म्हणजे प्रत्येक पुस्तक दोघांनी वाचलेलं असेल. वाचन ६ आठवड्यांत संपवा. शेवटचे दोन आठवडे एकमेकांना प्रश्न विचारायला हवेतच.

उत्तर २
खरी मेहनत प्रश्नांत आहे. ‘कोणत्या पुस्तकात मुलगा घर सोडून जातो?’ असं विचारलंत तर भांडण ठरलेलं, कारण तो तीन पुस्तकांत जातो. ‘कोणत्या पुस्तकात आजी चावी घड्याळामागे लपवते?’ हे एकाच पुस्तकाला लागू पडतं. मलपृष्ठ वाचून सुटणारे प्रश्न काढून टाका. ज्यांनी मन लावून वाचलंय त्यांच्यावर तो अन्याय आहे. प्रत्येक प्रश्नाखाली प्रकरण आणि पान लिहा. आवृत्ती बदलली की पानं सरकतात, प्रकरण सहसा तेच राहतं.

उत्तर ३
पुस्तकाच्या नावाला ३ गुण, लेखकाला २. वेळ २० सेकंद, पण घड्याळ प्रश्न वाचून झाल्यावरच सुरू करा. चर्चा सगळ्यांची, उत्तर फक्त संघनायकाचं. नाहीतर दोन तोंडांतून दोन उत्तरं येतात. बरोबरी झाली तर विचारायला ५ राखीव प्रश्न वेगळ्या पाकिटात ठेवा.