मदत हवी: टर्मिनलवरून जुने मेल शोधतेय, उत्तर शून्य (रविवारच्या आत हवंय)

मुलुंड_पूर्व
नमस्कार. रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. बाबा बरीच वर्षं सोसायटीचे सचिव होते. बिल्डरच्या ऑफिसने ‘कन्व्हेयन्स करून देतो’, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून देतो, असं त्यांना लेखी कळवलं होतं. आता तेच ऑफिस म्हणतंय की असं काही कधी कळवलंच नव्हतं. तो मेल मला हवा आहे.

बाबांचे सगळे मेल लॅपटॉपवर आहेत. ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं म्हणून नॉटमच हे मेल शोधायचं सॉफ्टवेअर टाकलं, ते टर्मिनलवर कमांड टाइप करून चालतं. ‘कन्व्हेयन्स’ शोधलं, शून्य. देवनागरीत त्याचाच मराठी शब्द ‘अभिहस्तांतरण’ शोधला, शून्य. मेल त्यात आहे, बाबांनी मला स्वतः दाखवला होता. कुठे चुकतंय? ‘जीमेलमध्ये शोधा’ असं कृपया सांगू नका, ते खातं बंद केलंय.

टर्मिनलवाला_ठाणे
ऑपरेटिंग सिस्टिम कोणती? मेल कोणत्या स्वरूपात साठवलेत? ‘नॉटमच न्यू’ दिल्यावर काय छापून आलं? याशिवाय कुणीच काही सांगू शकणार नाही.

पार्लेकर
टर्मिनल कशाला हवंय? थंडरबर्ड घ्या, मेल आत ओढा, वरच्या चौकटीत शब्द टाका. मी दहा वर्षं हेच करतोय.

मुलुंड_पूर्व
उबंटू. ‘नॉटमच न्यू’ दिल्यावर ‘इग्नोरिंग नॉन-मेल फाइल’ अशी ओळ येते आणि खाली ‘नो न्यू मेल’. मला वाटलं ते नेहमीचंच असेल. फाइल एकच आहे, ११ जीबीची. खातं बंद करण्याआधी गूगल टेकआउटने, म्हणजे खात्यातला डेटा घ्यायच्या गूगलच्या सोयीने, उतरवली होती.

टर्मिनलवाला_ठाणे
मग तीच ओळ महत्त्वाची होती, ताई. टेकआउट एमबॉक्स देतं, म्हणजे सगळे मेल एकाखाली एक चिकटवलेली एकच लांबलचक फाइल. नॉटमचला प्रत्येक मेल वेगळ्या फाइलमध्ये लागतो, म्हणजे मेलडिर. तुमची फाइल त्याने मेल म्हणून ओळखलीच नाही. त्याचा शोध कोऱ्या वहीत चालला होता.

आधी एमबॉक्सचं मेलडिर करा. पायथनमध्ये ‘मेलबॉक्स’ नावाचं मॉड्यूल मुळातच असतं. एमबॉक्स उघडा, रिकामं मेलडिर तयार करा, एकेक मेल ‘ॲड’ करत जा. चार-पाच ओळींचं काम आहे. ११ जीबी असल्याने सुरुवातीला ते पूर्ण फाइल चाळून कुठला मेल कुठे सुरू होतो याची यादी करतं. तेवढा वेळ स्क्रीनवर काही हलणार नाही. घाबरून बंद करू नका.

आणि मेलडिर लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवरच ठेवा. बाहेरची हार्डडिस्क बहुतेक एक्सफॅट या फाइल-पद्धतीची असते. मेलडिरच्या फाइलनावांत कोलन येतो आणि एक्सफॅटला कोलन चालत नाही.

कुर्ला_कारशेड
एवढा खटाटोप कशाला? त्याच फाइलवर ग्रेप मारा, ती फाइलमधला मजकूर जसाच्या तसा शोधणारी कमांड आहे. दोन मिनिटांत उत्तर.

टर्मिनलवाला_ठाणे
इंग्रजी साध्या मजकुरात सापडेल. मराठीत नाही. देवनागरी मजकूर मेलमध्ये बहुधा बेस६४ किंवा कोटेड-प्रिंटेबल या रोमन चिन्हांच्या सांकेतिक रूपांत गुंडाळून जातो. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत ‘अ’ला तीन बाइट लागतात, कोटेड-प्रिंटेबलमध्ये त्याचीच नऊ रोमन चिन्हं होतात. ग्रेपला फाइलमध्ये ‘अ’ दिसतच नाही. विषयाच्या ओळीचंही तसंच. नॉटमच हे सगळं उलगडून मग सूची करतं.

कुर्ला_कारशेड
बेस६४चं लक्षात आलं नव्हतं. माझे सगळे मेल इंग्रजीतले आहेत.

एमयू_प्रेमी
नॉटमचपेक्षा एमयू हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर घ्या. दोन्हींच्या आत झेपियन हेच शोधयंत्र आहे, त्यामुळे वेग सारखाच, पण ‘एमयू एक्स्ट्रॅक्ट’ने जोडलेल्या फाइली थेट बाहेर काढता येतात. ईमॅक्स हा संपादक वापरत असाल तर त्यात चालणारं एमयूफोरई आहेच. एमबॉक्स मात्र त्यालाही चालत नाही, मेलडिर करावंच लागेल.

टर्मिनलवाला_ठाणे
त्यांनी नॉटमच टाकलेलं आहे, आता दुसरं कशाला? शिवाय नॉटमच मूळ मेलला हातही लावत नाही.

एमयू_प्रेमी
हे अर्धंच खरं आहे. मजकूर बदलत नाही, पण ‘सिंक्रोनाइझ फ्लॅग्ज’ हे सेटिंग मुळातच चालू असतं. टॅग (मेलला लावलेली खूण) बदलला की फाइलचं नाव बदलतं आणि ती मेलडिरच्या ‘न्यू’ फोल्डरमधून ‘कर’ फोल्डरमध्ये जाऊ शकते. कोर्टकचेरीची शक्यता असेल तर हे आधी सांगायला हवं.

टर्मिनलवाला_ठाणे
मान्य. ते बंद करून ठेवा.

गिरगावचा_वकील
मेल मिळाला नाही तरी सोसायटी अडत नाही. मोफा, म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स ॲक्ट, १९६३च्या कलम ११खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज करा, ही सोय २००८च्या दुरुस्तीने आली. बिल्डरची संमती लागत नाही, त्याला फक्त बाजू मांडायची संधी मिळते. आमच्याकडच्या एका इमारतीत तर बिल्डर सुनावणीला फिरकलाच नाही. त्या प्रकरणात मूळ मालकाचे वारस, सात-बाराचा उतारा, मालमत्ता पत्रक...

पार्लेकर
वकीलसाहेब, प्रश्न मेल शोधण्याचा आहे.

गिरगावचा_वकील
मग त्याबद्दलच सांगतो. टेकआउटची मूळ फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवा, प्रतीवर काम करा, आणि मूळ फाइलचा शा-२५६ हॅश (फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा ठसा) आजच काढून लिहून ठेवा. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात हॅश लिहावा लागतो.

मुलुंड_पूर्व
हॅश काढला, मूळ फाइल पेनड्राइव्हवर ठेवली. मेलडिर रात्रभर चालू होतं, सकाळी झालं. ‘नॉटमच काउंट’ आता ४८ हजारांवर आकडा दाखवतंय! ‘कन्व्हेयन्स’चे दोनशेवर मेल आले, सगळे चाळले, त्यात तो नाही. ‘अभिहस्तांतरण’चे फक्त दोन, आणि दोन्ही बँकेचे. आता?

जुनीलिपी
मराठीत शोधताना प्रत्यय विसरू नका. ‘अभिहस्तांतरणाच्या’, ‘अभिहस्तांतरणासाठी’ हे नॉटमचच्या लेखी वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत ते शब्दाचं मूळ ओळखतं, मराठीत नाही. शब्दाच्या शेवटी तारा (*) लावा, मग पुढे काहीही असलं तरी जुळतं. सामान्यरूपात मूळ शब्दच बदलतो, तेव्हा तारा आणखी अलीकडे घ्या. पाणी, पाण्याचा यांसाठी ‘पाण’ आणि तारा. जागा, जागेचा यांसाठी ‘जाग’ आणि तारा. ‘हस्तान्तरण’ असंही कुणी लिहितं, तेही बघा. ‘पायऱ्या’सारख्या शब्दातला ऱ्य दोन तऱ्हांनी टंकता येतो, दिसतो सारखाच, पण शोधात जुळत नाही.

माझा दुसरा संशय जास्त मोठा आहे. मेल साधारण कोणत्या सालचा? बिल्डरचं पत्र मेलच्या मजकुरात होतं की जोडलेल्या फाइलमध्ये?

मुलुंड_पूर्व
मी कॉलेजात होते, म्हणजे २०१०-११. पत्र वर्डच्या फाइलमध्ये होतं, लेटरहेडवर. हे सांगायला हवं होतं का?

जुनीलिपी
हो. नॉटमच जोडफाइलचं नाव सूचीत घेतं, वर्ड फाइलच्या आतला मजकूर घेत नाही. आणि त्या काळी अनेक ऑफिसांत मराठी पत्रं युनिकोडमध्ये नसायची, श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असायची. आत रोमन अक्षरांचा कालाच असतो, फाँटमुळे तो मराठी दिसतो. म्हणजे मजकूर सूचीत घेतला असता तरी ‘अभिहस्तांतरण’ सापडलं नसतं.

शब्द सोडा, पाठवणारा आणि काळ धरा. कमांड उच्चाराप्रमाणे देतो: नॉटमच सर्च, पुढे फ्रॉम कोलन आणि बिल्डरच्या मेल पत्त्यातला डोमेन (@ नंतरचा भाग), मग अँड, डेट कोलन २०१०, दोन टिंबं, २०११, मग अँड, टॅग कोलन अटॅचमेंट. हा टॅग जोडफाइल असलेल्या मेलना आपोआप लागतो. टाइप अर्थातच रोमनमध्ये, आकडेही इंग्रजी.

मुलुंड_पूर्व
बिल्डरच्या डोमेनवरून काहीच नाही आलं. पण बाबांना विचारलं तर ते म्हणाले, बिल्डरच्या ऑफिसातला माणूस स्वतःच्या याहूच्या पत्त्यावरून मेल करायचा. तो पत्ता टाकला, नऊ मेल आले. सातवा तोच! विषयाच्या ओळीत फक्त ‘लेटर’ आणि मजकूर एका ओळीचा. फाइल उघडली तर खरंच चौकोन आणि रोमन अक्षरं. बाबांच्या जुन्या डेस्कटॉपवर तो फाँट होता, तिथे उघडल्यावर पूर्ण पत्र वाचता आलं, खाली सहीसुद्धा आहे. बाबांनी दोनदा वाचलं. सगळ्यांचे मनापासून आभार, जुनीलिपी तुमचे विशेष.

गिरगावचा_वकील
छापून नेताना मेलचे पूर्ण हेडरही (कुणी, कुठून, कधी पाठवला ही वरची माहिती) छापा. ‘नॉटमच शो’ला फॉरमॅट रॉ सांगितलंत की मिळतील.

डोंबिवली_फास्ट
वाचनखूण साठवली. माझे मेल थंडरबर्डमध्ये आहेत, टेकआउट नाही. मलाही हेच सगळं करावं लागेल का?

टर्मिनलवाला_ठाणे
थंडरबर्ड कोणत्या सिस्टिमवर आहे? प्रोफाइल फोल्डरमध्ये एमएसएफ शेपटीच्या फाइलींशेजारी त्याच नावाच्या, शेपटी नसलेल्या मोठ्या फाइली दिसतात का?