अनुभव धागा : आरेखनातल्या बायका, कोल्हापूर आणि परिसर

आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन सिव्हिल (बांधकामाचे नकाशे काढायचा कोर्स) केलेल्या, आर्किटेक्टकडे किंवा आरसीसी कन्सल्टंटकडे आधी बोर्डावर आणि आता स्क्रीनवर बसलेल्या सगळ्यांनी लिहा. पगार, साइट, घर, काहीही. ‘मुलींना बरं, सावलीतलं काम आहे’ एवढं सोडून.

राजारामपुरी
मला त्या सावलीसाठीच पाठवलं होतं! डिझाइन सरांचं, डिटेलिंग, म्हणजे कुठली सळई कुठं ते काढणं, माझं. पहिल्यांदा साइटवर गेले तेव्हा फिटर मामा म्हणाले, “ताई, कागदावर बसतंय, लोखंडात बसत न्हाई.” खरंच होतं. 230 मिलिमीटरच्या कॉलममध्ये दोन्हीकडचं 40-40 कव्हर (सळईबाहेरचं काँक्रीट) गेलं की उरतात 150 मिलिमीटर. त्यातच सळयांभोवतीच्या रिंगा, कॉलमच्या सळया आणि वरून बीमच्या सळया. काँक्रीट नीट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई जायची कुठून? तेव्हापासून बीम-कॉलमचा जॉइंट मी मोठ्या स्केलला काढते, प्रत्येक सळई दाखवून. रिंगेचा हुक 135 अंशांत, कॉलमचा लॅप (सळयांचा जोड) मधल्या अर्ध्या उंचीत, हेही शीटवर ठळक लिहिते. 2016 च्या आयएस 13920 नं, म्हणजे भूकंपासाठीच्या भारतीय मानकानं, कॉलमची किमान बाजू 300 मिलिमीटर केली. आता कॉलम भिंतीबाहेर येतो आणि कपाट बसत नाही म्हणून घरमालकीण माझ्यावर चिडते. चिडू दे. सळईचं मीटरमागं किलोत वजन काढायला मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, हे तर झोपेतही येतं. पण पगार वाढला तो साइटवर जायला लागल्यावरच.

निवृत्त, ताराबाई पार्क
मी ट्रेसिंगच्या, म्हणजे पारदर्शक कागदावर शाईनं नकाशे काढायच्या काळातली. शाईची रेघ चुकली की ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायची. नकाशाच्या प्रती काढायच्या अमोनिया प्रिंटचा वास घरी जाईपर्यंत नाकात. सरकारी खात्यात अनुरेखक (ट्रेसर) म्हणून लागले, आरेखक (ड्राफ्ट्समन) होऊन बाहेर पडले. कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवरचं आरेखन, पन्नाशीच्या आसपास शिकले. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले ट्रेसिंगच की, हे कळल्यावर भीती गेली.

घरून काम, कळंबा
मंजुरीचे नकाशे करते. प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळं. ‘ड्रॉन बाय’च्या (नकाशा कोणी काढला त्या) चौकटीत मात्र ऑफिसातल्या पोराची आद्याक्षरं. पोरींनो, पैसे खात्यात येईपर्यंत पीडीएफच द्या. डीडब्ल्यूजी (बदल करता येणारी मूळ कॅड फाइल) एकदा हातातून गेली की फोन उचलत नाहीत.

गांधीनगर
सर साइटवर नेत नाहीत. “तिथं बायकांची सोय नाही” म्हणतात.

राजारामपुरी
सोय नसते हे खरंच आहे गं. मी शेजारच्या घरातल्या काकींशी आधी ओळख काढून ठेवते. पण सरांना सांग, निदान स्लॅब भरायच्या आधी सळई तपासायला तरी न्या. नाहीतर दुसऱ्याच्या स्केचवरून रेघा ओढतच राहशील. रविवारी उचगावला एक स्लॅब तपासायचाय. तुला जवळच आहे, सकाळी आठला ये. बूट घालून ये, चपला नकोत.