काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्यात रात्री खासगी गाड्या सोडाव्यात का?

घाटवाट
मे महिन्याच्या शेवटापासून मृगाचा पाऊस नीट लागेपर्यंत प्रवरेच्या वरच्या खोऱ्यात काजव्यांचा हंगाम असतो. धरणापाशी शेंडी, मग मुरशेत, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल असा भंडारदरा धरणाच्या जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे. समोरून एसटी आली की आपली गाडी कडेला दाबून घ्यावी लागते, एवढीच त्याची रुंदी. शनिवारी रात्री त्याच रस्त्यावर पुण्या-मुंबई-नाशिकच्या गाड्यांची रांग लागते.

माझं म्हणणं एवढंच, की या दिवसांत सूर्यास्तानंतर बाहेरची खासगी गाडी शेंडीच्या पुढे सोडू नये. ज्यांचा आत मुक्काम आहे त्यांनी उजेडी पोचावं आणि गाडी तिथेच लावून ठेवावी. काजवे बघायला पायी जावं, नाहीतर गावच्या जीपने.

आपण ज्याला रोषणाई म्हणतो ती त्या किड्याची जोडीदाराला घातलेली साद असते. नर उडता उडता ठरलेल्या लयीत चमकतो, मादी बहुधा खाली गवतावर किंवा झुडपात बसून उत्तर देते. अळी कित्येक महिने ओल्या मातीत, पाल्यात गोगलगायी खाऊन वाढते. पंख फुटल्यावर मात्र हातात जेमतेम दोन-तीन आठवडे, आणि त्यातले शनिवार-रविवार आपण हेडलाइट लावून नासवतो. सादड्याचं अख्खं झाड एका तालात उघडझाप करत असतं, वळणावरून गाडी येते, झोत पडतो आणि झाड काळंठिक्कर होतं. गाडी गेल्यावर एका फांदीवर दोन-चार ठिपके दिसतात, मग शेजारच्या फांदीवर. ताल पुन्हा जुळतोय तोवर दुसरी गाडी हजर.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, तेही 1986 पासून. अभयारण्यात रात्री कोणीही गाडी घेऊन हिंडावं, हे दुसऱ्या कुठल्या जंगलात चाललं असतं का?

पडवी
दादा, तुमचं काजव्यांवरचं प्रेम पटलं. आता आमचंही ऐका. मी याच खोऱ्यातली, आमच्या घरी पाहुणे उतरतात. इकडे भाताचं एकच पीक. ते निघालं की निम्मा गाव नारायणगावला, नाशिककडे मजुरीला जातो. धरण आमच्या दारात, पण पाणी जातं खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या उसाला. घाटघरला पाऊस मावत नाही इतका पडतो आणि त्याच पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन झरे धुंडाळतात. वर्षातून तीन आठवडे लोक आपणहून आमच्या दारी येतात, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांना पर्यावरण आठवतं.

पुणेकर शनिवारी दुपारी निघतो, घोटीवरून नाहीतर संगमनेर-अकोल्यावरून येईपर्यंत अंधार पडतोच. त्याला शेंडीत अडवलं तर तो शेंडीतच जेवेल आणि शेंडीतच झोपेल. मग उडदावण्याच्या, कोलटेंभ्याच्या चुली कशासाठी पेटवायच्या?

कोरडी नदी
गंमत वाटते. ज्या खोऱ्याला आपण 'अस्पर्श निसर्ग' म्हणतोय ते शंभर वर्षांपूर्वीच इंजिनिअरांनी आखून ठेवलंय. विल्सन धरणाचं, म्हणजे याच भंडारदरा धरणाचं, काम 1910 मध्ये सुरू झालं आणि 1926 मध्ये पुरं झालं. ज्याच्या काठाने तुम्ही फिरता तो आर्थर लेक म्हणजे साठवलेलं पाणी. अम्ब्रेला फॉलची छत्री धरणातून पाणी सोडल्यावरच उघडते. रंधा खरा धबधबा, पण त्याच्याही वर धरण बसलंय. घाटघरला 250 मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे, रात्री पाणी वर चढवायचं आणि विजेची मागणी वाढली की खाली सोडायचं. एवढं सगळं चालतं आणि एखाद्या कुटुंबाच्या गाडीने जंगल बिघडतं? जरा प्रमाणात बोला.

घाटवाट
@कोरडी नदी, धरण झालं म्हणून पुढचं सगळं माफ, हा कुठला हिशोब? धरणाने दरी बुडवली हे खरंच आहे. पण काजवे आज जिथे आहेत ते हिरडा-बेहडा-सादड्याचे पट्टे काठाच्या वर उरलेत, आणि जे उरलंय त्याचंच मी बोलतोय. वीजप्रकल्पाचा पंप काजव्याच्या तोंडावर झोत मारत नाही.

@पडवी ताई, तुमचा मुद्दा वजनदार आहे. मी मुक्कामी पाहुण्यांना अडवा म्हणतच नाही. वेळ गाठा म्हणतो. आठ वाजता येऊन, गाडीतूनच व्हिडिओ काढून, अकराला परत निघणाऱ्या माणसाकडून तुमच्या चुलीला काय मिळतं?

पडवी
काहीच मिळत नाही, हे खरं. तो पाण्याची बाटलीसुद्धा घरून आणतो आणि रिकामी आमच्या बांधावर टाकतो. पण त्याला रोखायच्या नावाने आमच्याच पाहुण्यांना फाटकावर तासभर उभं करतील, ही भीती आहे. नियम आला की तो गरिबाच्या दारापासून लागू होतो, मोठ्या रिसॉर्टच्या गाड्या सुळकन आत जातात.

मिणमिण
मी दोघांच्याही पुढे जाऊन म्हणते, नुसत्या गाड्या अडवून भागणार नाही. पायी फिरणारे काय कमी आहेत? मोबाईलचा टॉर्च पेटवून थेट झाडाखाली जातात, पोरं काजवे पकडून बाटलीत भरतात, आईबाप हसत फोटो काढतात. मादी जमिनीलगत असते हे वर आलंच आहे. म्हणजे रस्ता सोडून गवतात पाय टाकलात की तिला तुडवण्याचीच शक्यता जास्त. गावातला वाटाड्या सोबत असल्याशिवाय रस्त्याखाली उतरायची बंदी हवी. टॉर्च लागलाच तर लाल कागद लावून, जमिनीकडे धरून. आणि 'काजवा महोत्सव' म्हणतात त्यातला 'महोत्सव' हा शब्द आधी काढून टाका. महोत्सव म्हटलं की लोकांना स्पीकर आठवतो.

सहकुटुंब
सगळे ट्रेकर जमलेत वाटतं इथे. माझ्या आईचे गुडघे गेलेत. तिला जीपच्या मागच्या पायरीवर चढवणं म्हणजे दोघांनी उचलणं. तिने लहानपणी माहेरी काजवे पाहिलेत आणि पुन्हा बघायचेत. तिने काय करावं? 'पायी जा' हे सल्ले तिशीतल्या लोकांनी द्यायचे आणि तिशीतल्यांनीच ऐकायचे.

मिणमिण
@सहकुटुंब, तुमच्या आईसाठी तर रतनवाडी किंवा मुतखेलला दुपारीच पोचणं सगळ्यात सोयीचं. अंगणात खुर्ची टाकून बसा, दिवे मालवा, डोळे अंधाराला सरावू द्या. काजवे बांधापर्यंत येतात. रांगेत अडकलेल्या गाडीच्या काचेतून त्यांना पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसतील, दुसरं काही नाही.

नेढं
मला या भांडणात एक वेगळंच खटकतं. लोक इतक्या लांब येतात आणि दिवसा झोपा काढतात. रतनवाडीत अमृतेश्वराचं मंदिर आहे, बाहेरच्या भिंतीवरची नक्षी आणि शेजारची पुष्करणी बघायलाच तास जातो. पहाटे निघालात तर रतनगड आहे, वर नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, बसलं की वारा अक्षरशः ढकलतो. घाटघरच्या कड्यावरून खाली कोकण दिसतं. कळसूबाई 1646 मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, बारी गावातून वाट, अवघड जागी लोखंडी शिड्या. हे सगळं दिवसा दाखवलं तर गर्दी एका रात्रीवर कोसळणार नाही, आणि वाटाड्यांना वर्षभर काम मिळेल. पडवी ताईंची तीन आठवड्यांची अडचण खरं तर इथे सुटते.

एक मात्र सांगून ठेवतो. याच दिवसांत साम्रदजवळच्या सांदण दरीत उतरायचा उत्साह नको. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मधे जेमतेम वाट. वळवाची सर वर कुठे कोसळली तरी पाणी त्याच घळीतून येणार आणि बाजूला पळायला जागा नाही. आभाळ भरलं असेल तर साम्रदचे लोक नको म्हणतात, त्यांचं ऐका.

कोरडी नदी
@नेढं, मेच्या उन्हात रतनगड? शहरातली किती माणसं चढतील? आणि दिवसा फिरवायलाही गाड्याच लागणार ना.

नेढं
दिवसा गाडीचा दिवा लावत नाहीत हो.

पडवी
बरं, गाडीबंदीला मी हो म्हणते, पण जीप शेंडीच्याच असणार असतील तर नाही. शेंडीचा जीपवाला शेंडीच्या हॉटेलचे पाहुणे घेऊन आमच्या शिवारात येईल, झाड दाखवेल आणि परत नेईल. झाड आमच्या गावाचं, धूळ आमच्या घरात. प्रत्येक गावाच्या हद्दीत त्याच गावाची जीप आणि त्याच गावाचा वाटाड्या, नंबर ग्रामसभेत लागेल. ज्याच्याकडे आतल्या मुक्कामाचं बुकिंग आहे त्याला उशीर झाला तरी सोडायचं, पण पुढे गावची जीप लावून, रांगेने, दिवे खाली पाडून. आणि प्रवेशाचे पैसे गोळा होतात त्यातला वाटा गावाला मिळायला हवा, उन्हाळ्यात टाकी भरायला. हे लिहून देणार असाल तर पुढच्या हंगामात आमच्या गावच्या फाट्यावर मी स्वतः उभी राहीन.

घाटवाट
@पडवी ताई, गावच्या जीपची अट मान्य. फक्त उशिरा येणाऱ्यांना एक वेळ ठरवून द्या, समजा साडेसात. नाहीतर 'आतलं बुकिंग आहे' म्हणत सगळेच दहाला येतील.

पडवी
साडेसात नाही जमणार, घोटीतच तेवढे वाजतात. साडेआठ करा.