मदत हवी आहे: 'रन' हा शब्द मुलांना कसा शिकवायचा?

नमस्कार मंडळी, भाची आठवीत आहे मराठी मीडियमला, तिचं इंग्लिश घेतेय सध्या आणि 'रन'वर गाडी अडलीये. धावणे हे ठीक, पण 'माय नोज इज रनिंग' आलं की विचारते, नाक कुठे पळतंय मावशी? 'शी रन्स अ शॉप' म्हणजे दुकान चालवते, हे त्यातल्या त्यात पटकन कळलं. खरी पंचाईत 'रन आउट'ची, क्रिकेटमुळे डोक्यात धावबाद पक्कं बसलंय, त्यामुळे 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क' म्हणजे दूध संपलं हे काही केल्या पचत नाही. त्यात निवडणुकीला अमेरिकन लोक 'रन' करतात आणि ब्रिटिश 'स्टँड', आपण तर उभेच राहतो! ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत म्हणे ह्या एका क्रियापदाचे ६०० च्या वर अर्थ आहेत, म्हणजे पाठांतराचा प्रश्नच मिटला.

कोणी शिक्षक असाल तर प्लीज सांगा, नुसती वाक्यं देऊ का 'रन आउट', 'रन इंटू', 'रन ओव्हर' असे गट पाडून घेऊ? आणि 'रनिंग लो' म्हणजे संपत आलंय नि 'रन आउट' म्हणजे संपलंच, हा फरक तुम्ही कसा समजावता? सहामाही जवळ आलीये हो.